पागोळ्यांचा हिशोब : चाळीची पन्हळ बदलायची कोणी?

१/ मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात गिरगावातील एखाद्या जुन्या वाडीत उभे राहून वर पाहावे. मंगलोरी कौलांवर निळी ताडपत्री अंथरलेली असते, तिच्या कडांवर विटांचे वजन ठेवलेले असते, आणि छपराच्या कडेशी दोघे-तिघे रहिवासी सुतळी ताणून माप घेत असतात. गंजून लोंबकळणारी जुनी पत्र्याची पन्हळ खाली उतरते, नवी वर चढते. मालक तेथे नसतो. कंत्राटदारही पुष्कळदा नसतो. पैसे मजल्यामजल्यावर फिरून जमवलेल्या वर्गणीचे असतात.

२/ इमारत ज्याची, छप्पर त्याचे. मग छपराची पन्हळ भाडेकरूने स्वतः चढून का बदलावी? प्रश्न वरवर क्षुल्लक आहे. मात्र त्याचे उत्तर शोधताना कोकणातील शाकारणीपासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत जावे लागते. हा धागा त्या उत्तराचा.

३/ आधी शब्द स्पष्ट करून घेऊ. छपराची सर्वांत उंच रेषा म्हणजे आढे. खालची, भिंतीबाहेर आलेली कड म्हणजे वळचण. वळचणीवरून धारांनी गळणारे पाणी म्हणजे पागोळ्या. या पागोळ्या झेलून त्यांचे पाणी एका टोकाकडे नेणारी उघडी नाली ती पन्हळ. 'आढ्याचे पाणी वळचणीला' असे आपण सहज म्हणतो. वळचणीनंतर ते पाणी कोठे जाते, हे म्हणीत येत नाही. कारण जेथे ही म्हण रुजली तेथे ते विचारण्याची गरजच नव्हती.

४/ कोकणातील घर एकमजली, छप्पर उतरते, वळचण पुढे बरीच आलेली. पागोळ्या अंगणात किंवा परसात पडत आणि जांभ्याच्या जमिनीत मुरत. दोन छपरे जेथे मिळतात अशा ठिकाणीच पोफळीचे किंवा माडाचे पोखरलेले खोड पन्हळ म्हणून बसवीत. बाकी घराला पन्हळीवाचून काही अडत नसे. खरे काम होते ते शाकारणीचे. दरवर्षी मृग लागण्यापूर्वी नळीची कौले उतरवायची, फुटकी काढायची, खालचे वासे आणि रिपा तपासायच्या आणि कौले पुन्हा रचायची. वरचे कौल खालच्या कौलावर चढले पाहिजे, हा त्यातला पहिला धडा. घरचे सगळे हाताला लागत, शेजारी मदतीला येत. त्या कामाचे बिल नसे.

५/ विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या कापडगिरण्यांना सर्वाधिक कामगार पुरवणारा जिल्हा रत्नागिरी होता. परळ, लालबाग, शिवडी, डिलाईल रोडच्या चाळींत राहायला आलेल्या माणसांपैकी असंख्य जणांचे हात शाकारणीत तयार झालेले होते. मे महिन्यात रजा काढून गावी जाण्यामागे आंबा-फणस असे, लग्नकार्ये असत, तशीच छपराची कामेही असत. गावच्या घराचे छप्पर शाकारून हा चाकरमानी मुंबईत परतत असे, ज्या छपरावर त्याचा काडीचाही हक्क नाही अशा छपराखाली.

६/ शहरातील छपराचा प्रश्न निराळा होता. चाळ तीन किंवा चार मजल्यांची, अंगण नाही, आणि शेजारच्या इमारतीमधील अंतर म्हणजे जेमतेम एक घरगल्ली. तेथे पागोळ्या मोकळ्या सोडल्या तर वरच्या मजल्याचे पाणी वाऱ्याबरोबर खालच्या गॅलऱ्यांत, लाकडी कठड्यांवर आणि भिंतींच्या पायाशी पडते. म्हणून पन्हळ हवी, आणि पन्हळीतले पाणी खाली आणणारा उभा नळ हवा.

७/ किती पाणी? हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. समजा, चाळीचे छप्पर ३० मीटर लांब आणि १२ मीटर रुंद आहे. एका तासात ५० मिलिमीटर पाऊस झाला (मुंबईच्या पावसाळ्यात असा तास नवलाचा नाही) तर त्या छपरावरून १८,००० लिटर पाणी उतरते. दोन उतारांना निम्मे-निम्मे, म्हणजे प्रत्येक बाजूच्या पन्हळीला तासाभरात ९,००० लिटर वाहून न्यायचे असतात. पन्हळीला एका जागी भोक पडले, तर यातला मोठा वाटा त्या एकाच जागी, रोज, चार महिने भिंतीवर ओतला जातो.

८/ या प्रश्नाला मुंबईने दिलेले उत्तर परदेशी सामग्रीचे होते. नालीदार लोखंडी पत्र्याचे पेटंट हेन्री रॉबिन्सन पामर याने १८२९ मध्ये लंडनमध्ये घेतले. लोखंडावर जस्ताचा मुलामा चढवण्याचे पेटंट १८३७ मध्ये फ्रान्समध्ये सोरेल याने घेतले. एकमेकांत अडकणारे सपाट कौल आल्सासमधील जिलार्दोनी बंधूंचे, १८४१ सालचे. त्याच जातीचे कौल १८६५ मध्ये बासेल मिशनच्या मंगळूर येथील कारखान्यात निघू लागले आणि जहाजांतून मुंबईला येऊ लागले. नळीच्या कौलांसारखी ती दरवर्षी उलगडावी लागत नसत. शाकारणीची सवय मोडायला हे कौल काही अंशी कारणीभूत ठरले, असे म्हणता येईल. मात्र कौल टिकाऊ झाले म्हणून पन्हळ टिकाऊ झाली नाही. समुद्राच्या खाऱ्या हवेत जस्ताचा थर झिजतो आणि आतले लोखंड उघडे पडले की गंज आवरत नाही.

९/ जाता जाता : वळचणीच्या पाण्यावरून होणारे तंटे फार जुने आहेत. आपल्या छपराच्या पागोळ्या शेजाऱ्याच्या जमिनीवर पडू देण्याच्या हक्काला रोमन कायद्यात स्वतंत्र नावच होते, 'स्टिलिसिडियम'. तेथे तंटा दोन मालकांमधला होता. मुंबईत तो मालक आणि भाडेकरू यांच्यात गेला, आणि पाणी पडायचे ते ज्याच्या डोक्यावर, तो दोघांपैकी दुबळा पक्ष.

१०/ दुबळा किती, ते १९२१-२२च्या सरकारी पाहणीत दिसते. कामगार कार्यालयाने मुंबईतील कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासले, तेव्हा ९७ टक्के कुटुंबे एका खोलीत राहत असल्याचे आढळले. वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत गळती लागली की कुटुंबाला सरकायला दुसरी खोली नव्हती. रात्रभर भांडी लावायची आणि बदलायची.

११/ अशा वेळी कायदा काय म्हणत होता? १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्ये एक तरतूद आहे. जी दुरुस्ती करायला मालक बांधील आहे, ती त्याने सूचना मिळूनही वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरूने ती स्वतः करावी आणि खर्च व्याजासह भाड्यातून वळता करावा. ऐकायला उत्तम. गोम 'बांधील आहे' या शब्दांत आहे. ही बांधिलकी करारातून यायची, आणि परळच्या चाळीत महिन्याच्या बोलीने खोली घेणाऱ्याशी दुरुस्तीचा करार कोण करणार?

१२/ पहिल्या महायुद्धात भाडी भडकली, तेव्हा १९१८ मध्ये मुंबईत पहिला भाडेनियंत्रण कायदा आला. पुढे १९३९ आणि १९४४चे कायदे झाले, आणि मग ज्याच्या सावलीत मुंबईने अर्धे शतक काढले तो 'मुंबई भाडे, हॉटेल आणि निवासगृह दर नियंत्रण अधिनियम, १९४७'. त्यातील दोन गोष्टी या धाग्यापुरत्या महत्त्वाच्या आहेत.

१३/ पहिली, कलम २३. उलट करार नसेल तर इमारत राहण्याजोग्या स्थितीत ठेवणे हे प्रत्येक मालकावर बंधनकारक झाले. मालकाने टाळाटाळ केली, तर भाडेकरूने एकट्याने किंवा इतरांसह किमान १५ दिवसांची नोटीस द्यावी, त्यानंतर दुरुस्ती स्वतः करून घ्यावी आणि खर्च भाड्यातून कापावा. छपरावर चढून पन्हळ बदलणाऱ्या भाडेकरूच्या हाती कायद्याने प्रथमच खरी शिडी दिली. पण एका वर्षात कापायच्या रकमेला मर्यादा होती : त्या वर्षीच्या भाड्याचा ठरावीक हिस्सा. पुढे आलेल्या १९९९च्या कायद्यात हा हिस्सा एक चतुर्थांश आहे.

१४/ दुसरी गोष्ट म्हणजे प्रमाणभाडे. ढोबळमानाने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच कायम राहिले. हा कायदा तात्पुरता म्हणून आला होता. मुदत संपत आली की ती वाढवली जाई, आणि अशी ती पन्नास वर्षे वाढत गेली.

१५/ आता ही दोन्ही कलमे एकत्र ठेवून पाहा. समजा, खोलीचे भाडे महिना १० रुपये, म्हणजे वर्षाला १२०. चौथा हिस्सा धरला तर वर्षाला ३० रुपयेच वळते करता येतात. चाळीस खोल्यांनी एकजूट केली तर १,२०० रुपये. स्वातंत्र्याच्या सुमारास एवढ्या रकमेत चाळीच्या एका बाजूची पन्हळ बदलून वर थोडे पैसे उरावेत. तीस-चाळीस वर्षांनी त्याच १,२०० रुपयांत सुताराची मजुरी भागणे कठीण. पत्रा, खिळे, मजुरी सारे महागले आणि भाडे जागच्या जागी राहिले, म्हणून कापून घेण्याची मुभाही जागच्या जागी राहिली. ज्या कायद्याने भाडेकरूचे छप्पर राखले, त्याच कायद्याने छप्पर दुरुस्त करण्याचा त्याचा हक्क आतून पोकळ केला. भाडे गोठवणाऱ्यांच्या मनात हे नक्कीच नव्हते. परिणाम मात्र हाच झाला.

१६/ 'मालक लबाड, भाडेकरू सोशिक' अशी ही गोष्ट सांगणे सोपे आहे; पण ती अर्धवट आहे. महिना दहा रुपये भाड्यातून चार मजली इमारतीचे छप्पर राखणे मालकालाही शक्य नव्हते. त्याची खरी कमाई खोली हातबदल होताना मिळणाऱ्या पागडीत होती. १९४७च्या कायद्यात पागडी बेकायदा होती आणि तरीही सर्रास चालत होती. पागडी खोलीच्या जागेवर आणि पत्त्यावर ठरे. पन्हळ गळते की नाही, याने तिच्यात फारसा फरक पडत नसे. त्यामुळे पन्हळीवर खर्च करण्याचे एकही कारण मालकाकडे उरले नाही.

१७/ शिवाय धास्ती होती. याच कायद्याच्या कलम १३ प्रमाणे मालकाच्या लेखी संमतीवाचून 'कायमस्वरूपी बांधकाम' केले, तर भाडेकरूला घराबाहेर काढता येत असे. जुनी पन्हळ काढून तशीच नवी बसवणे ही दुरुस्तीच. पण गॅलरीवर पत्र्याची झड लावली तर? पन्हळीला आधार म्हणून दोन लोखंडी अँगल भिंतीत ठोकले तर? असले खटले वर्षानुवर्षे चालत. म्हणून नोटीस नाही, भाड्यातून कपात नाही, काही लिहून देणेघेणे नाही, असा मार्ग चाळींनी पत्करला. वर्गणी काढायची, रविवार गाठायचा आणि काम उरकायचे. या दुरुस्त्यांची कागदपत्रे अभिलेखागारात फारशी सापडत नाहीत, त्याचे एक कारण हेही असावे.

१८/ काम कसे होई? जुनी पन्हळ खालून वर नव्हे, तर उभ्या नळापासून दूरच्या टोकाकडून सोडवायची, कारण नळाकडचे टोक शेवटपर्यंत आधार देते. मग उतार ठरवायचा. दोन टोकांना खिळे ठोकून सुतळी ताणायची आणि नळाच्या दिशेने दर दहा फुटांना साधारण अर्धा इंच उतार द्यायचा. उतार कमी पडला तर पाणी तुंबते, गाळ साचतो, आणि त्या गाळात कावळ्याने टाकलेले पिंपळाचे बी रुजते. उतार जास्त झाला तर पन्हळीचे एक टोक वळचणीपासून इतके खाली जाते की पागोळ्या तिला ओलांडून बाहेर पडतात. मग लोखंडी आकडे, त्यांवर पत्र्याचे तुकडे. सांध्यात वरच्या बाजूचा तुकडा खालच्यावर चढवायचा. शाकारणीतला तोच पहिला धडा. सांध्याला कथलाचा डाख द्यायचा. तेवढी ऐपत नसेल तर डांबरात बुडवलेले गोणपाट.

१९/ गिरणगावात या कामाला माणसांची वाण नव्हती. गिरण्यांच्या वर्कशॉपांत फिटर होते, सुतार होते, पत्रेकाम करणारे होते, आणि ते याच चाळींत राहत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि बहुतेकांच्या हाती पगार पुन्हा कधी पडलाच नाही. वर्गणीचा आकडा खाली आला, घरी बसलेले हात वाढले. विकतची दुरुस्ती परवडेना, तेव्हा ती जमेल तशी स्वतः करण्यावाचून उपाय नव्हता.

२०/ पन्हळ न बदलल्याने एवढे काय बिघडते, हे विचारणे रास्त आहे. गिरगाव-परळच्या जुन्या चाळींचा सांगाडा लाकडाचा आहे : सागवानी खांब, त्यांवर तुळया, मध्ये विटांची चुनेगच्ची भरण. तुळईची टोके भिंतीत रुतलेली असतात. फुटक्या पन्हळीचे पाणी भिंतीत मुरते आणि तुळईचे ते झाकलेले टोक महिनोन्‌महिने ओले राहते. लाकूड कोरडे असेल तर शतकभर टिकते. सतत ओले राहिले की बुरशी ते आतून खाते आणि बाहेरचा रंग शाबूत राहतो. खोलीतल्या माणसाला दिसते ती भिंतीवरची एक पिवळट ओल. तिच्यामागे काय चालले आहे, ते तुळई खचल्यावरच कळते.

२१/ इमारती खरोखरच पडू लागल्या, तेव्हा राज्याने १९६९ मध्ये मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा केला. इमारतींवर उपकर बसवून त्यातून दुरुस्ती करायची, ही कल्पना. शहरातील १९,६४२ इमारती या 'उपकरप्राप्त' यादीत आल्या. त्यांपैकी १६,५०२ इमारती १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या. म्हणजे यादीतल्या दर सहा इमारतींपैकी पाच. पुढे १९७६च्या कायद्याने हे काम म्हाडाकडे आले. मात्र या व्यवस्थेची नजर मुख्यतः ढाच्यावर होती : खांब, तुळया, जिने. इमारत धोकादायक ठरली की टेकू लागत, निधी येई. पन्हळ फुटल्यापासून तुळई कुजेपर्यंत जी दहा-पंधरा वर्षे जातात, त्या काळात थोडक्या पैशांत होणारे काम कोणी करायचे, हा प्रश्न पुन्हा रहिवाशांकडेच राहिला.

२२/ सरकारने बांधलेल्या चाळींची गोष्ट थोडी वेगळी. प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सुधार न्यासाच्या चाळी १९३३ मध्ये महापालिकेकडे गेल्या, तेव्हा निदान तक्रार कोणाच्या टेबलावर ठेवायची ते तरी ठाऊक होते. नायगाव, वरळी, डिलाईल रोड आणि शिवडी येथील २०७ बीडीडी चाळी १९२०च्या दशकात सिमेंट काँक्रीटच्या झाल्या. त्यांना सपाट गच्ची. वळचण नाही, पागोळ्या नाहीत. पाणी तेथे दुसऱ्या वाटेने शिरले. स्लॅबमधून झिरपून ते आतल्या सळ्यांपर्यंत पोहोचले, गंजून सळ्या फुगल्या आणि त्यांनी वरचे काँक्रीट सोलून काढले.

२३/ १९ डिसेंबर १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात निकाल दिला. प्रमाणभाडे गोठवून ठेवणाऱ्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत, असे न्यायालयाने म्हटले. पण कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ रोजी संपणार असल्याने त्या रद्द केल्या नाहीत. त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने वर्षाला ४ टक्के भाडेवाढीला परवानगी दिली आणि पागडीला कायदेशीर केले. जुने कलम २३ तेथे कलम १४ म्हणून आले : तीच १५ दिवसांची नोटीस, तीच स्वतः दुरुस्ती, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाची मर्यादा. त्याच कायद्यात कोणते काम 'कायमस्वरूपी बांधकाम' नव्हे याचीही यादी आहे. लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, फॉल्स सीलिंग, एअर कंडिशनर त्यात आहेत. पन्हळ नाही.

२४/ तोवर प्रश्नाने आणखी एक वळण घेतले होते. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ३३(७) प्रमाणे उपकरप्राप्त इमारती पाडून नव्या बांधण्यासाठी वाढीव चटईक्षेत्र मिळू लागले आणि लालबाग-परळमध्ये टॉवर उठू लागले. ज्या चाळीचा प्रस्ताव मंजूर झाला ती सुटली. ज्या चाळीचा प्रस्ताव दोन विकासक, तीन गट आणि एक न्यायालय यांच्यात अडकला, तेथे 'इमारत पडणारच आहे, आता पन्हळ कशाला?' हे वाक्य प्रत्येक बैठकीत ऐकू येऊ लागले. मालक थांबला, रहिवासी थांबले. पाऊस दरवर्षी ठरल्या वेळी येत राहिला.

२५/ त्यामुळे अशा चाळीची मागची भिंत घरगल्लीतून पाहिली तर इतिहासाचे थर एकाखाली एक दिसतात. सर्वांत जुना बिडाचा उभा नळ, त्याच्या सांध्यांना चुन्याचे आणि नंतर सिमेंटचे लिंपण. वर जस्ती पत्र्याच्या पन्हळीचा एखादा गंजलेला आकडा, ज्यावर आता काहीच टेकलेले नाही. त्याशेजारी डांबराचे ओघळ. त्यानंतरचा राखाडी पीव्हीसीचा अर्धगोल, मधल्या सांध्याला एम-सीलची गाठ. आणि या सगळ्यावरून खाली आलेली, विटेला बांधलेली निळ्या ताडपत्रीची दोरी.